संगणकाच्या पाठीमागचे कुलूप

माझ्या गाळ्याच्या आतल्या बाजूला, कागदाच्या रिमांमागे, एक जुना संगणक अजून जपून ठेवला आहे. महिन्यातून एखाद्या वेळी तो सुरू करतो, तेव्हा पडद्यावर अक्षरे उमटायला चार-पाच मिनिटे लागतात. त्याच्या पाठीमागे, पूर्वी जिथे प्रिंटरची जाड केबल लागत असे त्या पंचवीस छिद्रांच्या पोर्टात, काड्यापेटीएवढी करड्या प्लॅस्टिकची एक डबी दोन स्क्रूंनी आवळलेली आहे. कंपनीच्या कागदांत तिचे नाव ‘डाँगल’ असे होते. आम्ही डीटीपीवाले, म्हणजे संगणकावर छपाईची पाने जुळवणारे, तिला ‘लॉक’ म्हणत असू. ही डबी मी १९९९ साली रीतसर पैसे मोजून घेतली, दोन वर्षांनी ती निरुपयोगी करून टाकली, आणि आज तीच डबी बिघडू नये म्हणून पावसाळ्यात तिच्याभोवती ओल शोषणाऱ्या पुड्या बांधून ठेवतो. मधल्या काळात जे घडले ते लिहून काढावे, असे बरेच दिवस मनात होते.

जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये १९९८ साली मी डीटीपीचा धंदा सुरू केला. लग्नपत्रिका, गणपती मंडळांची पावतीपुस्तके, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल आणि निवडणूक आली की पत्रके, अशी आमची कामे असत. वडील अमळनेरच्या एका छापखान्यात कंपॉझिटर होते. त्यांच्या हातात खिळे जुळवायची स्टिक असे, समोर खान्यांची लाकडी केस, आणि शिशाच्या अक्षरांचे खिळे वेचताना त्यांची नजर केसकडे जातच नसे. शिशाचा टाइप किलोवर विकत येई, वापरून झिजे, आणि झिजला की वितळवायला परत जाई. मी संगणक घेतला तेव्हा त्यांनी एकच गोष्ट बजावली होती. “टाइपाचे पैसे ज्याचे त्याला द्यायचे. उसन्या टाइपावर छापखाना चालत नसतो.”

मी त्यांचे अर्धेच ऐकले. माझ्या पहिल्या संगणकावरचे विंडोज, पाने मांडायचे पेजमेकर आणि चित्रे काढायचे कोरल ड्रॉ, तिन्ही नकली सीडीवरून घातलेले होते. मुंबईहून फेरी करणारा एक मुलगा शंभर रुपयांना सीडी देई आणि तिच्या वेष्टनावर मार्कर पेनने सीरियल नंबर लिहिलेला असे. त्या वेळी हे चोरीत मोडते असा विचार कुणाच्या मनाला शिवत नसे, कारण ज्या कंपन्यांची ती सॉफ्टवेअरे होती त्या समुद्रापलीकडच्या होत्या आणि त्यांची किंमत आमच्या वर्षाच्या मिळकतीशी तुलना करण्यापलीकडची होती. मराठी लिपीचे सॉफ्टवेअर मात्र मी विकत घेतले, आणि हे लॉक त्याच्यासोबतच आले. चार महिन्यांच्या गाळाभाड्याएवढे पैसे त्यासाठी गेले. वडिलांचा शब्द तेवढ्यापुरता तरी राखला, याचे समाधान होते.

या लॉकचे काम कसे चालते हे मला पुढे समजले. प्रोग्राम सुरू झाला की तो पोर्टातल्या डबीला एक आकडा पाठवतो. डबीतली चिप त्यावर ठरलेली प्रक्रिया करून दुसरा आकडा परत देते. प्रोग्राम ते उत्तर आपल्याकडच्या उत्तराशी ताडून पाहतो आणि जुळले तरच पुढे जातो. फ्लॉपी किंवा सीडी हुबेहूब उतरवता येते, पण डबी उतरवता येत नाही, हा त्यामागचा हिशेब होता. त्यात कच्चा दुवा एकच होता. डबी कितीही पक्की असली तरी तिच्या उत्तरावर निर्णय घेणारे वाक्य प्रोग्रामच्या आत असते, आणि प्रोग्राम ग्राहकाच्या संगणकात, म्हणजे पूर्णपणे ग्राहकाच्या ताब्यात असतो.

दोन वर्षांत दुसरा संगणक घेतला आणि अडचण सुरू झाली. लॉक एक, यंत्रे दोन. सकाळी पत्रिका या यंत्रावर, दुपारी अहवाल त्या यंत्रावर, आणि प्रत्येक वेळी मागे वाकून स्क्रू सोडवायचे. एका लग्नसराईत डबीच्या दोन पिना वाकल्या. मी कंपनीकडे चौकशी केली, तेव्हा नवीन लॉकसाठी नव्या प्रतीएवढेच पैसे पडतील असे उत्तर मिळाले. पैसे एकदा भरलेले होते, बिल माझ्या फाइलीत होते, आणि तरीही दोन वाकलेल्या पिनांमुळे माझे हात बांधले गेले होते. त्या रागात मी भाच्याला बोलावले.

भाचा तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. रविवारी मार्केट शांत असताना तो आला, आणि त्याने काय केले ते मी शेजारी स्टुलावर बसून पाहिले. त्याने सॉफ्टआइस नावाचा डीबगर, म्हणजे चालता प्रोग्राम थांबवून आतून पाहायचे साधन, घातला. कंट्रोल आणि डी ही बटणे दाबताच सगळे विंडोज जागच्या जागी थिजले आणि त्यावर आकड्यांच्या ओळींचा काळा पडदा उतरला. लॉक नसताना प्रोग्राम जो नकाराचा संदेश दाखवत असे, तो संदेश कुठून येतो याचा माग काढत तो मागे-मागे गेला. तीन तास गेले. मधे लाइट गेली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागले. शेवटी त्याने पडद्यावर पेन टेकवले. “मामा, हे पाहा. सगळं कुलूप या एका जागी आहे.” तिथे ७५ असा आकडा होता. प्रोसेसरच्या भाषेत त्याचा अर्थ ‘दोन उत्तरे जुळली नाहीत तर उडी मार’ असा होतो, आणि ती उडी नकाराच्या संदेशावर जाऊन पडत होती. त्याने ७५ खोडून ७४ लिहिले, म्हणजे ‘जुळली तर उडी मार’. फाइल साठवली. लॉकशिवाय प्रोग्राम सुरू झाला, आणि माझ्या तोंडून आनंदाचा उद्गार निघाला.

मग मी सरळ केलेल्या पिनांसह ती खरी डबी पोर्टात लावली आणि प्रोग्राम पुन्हा सुरू केला. या वेळी त्याने नकार दिला. अट उलटी झाल्यामुळे आता लॉक नसलेल्याला प्रवेश होता आणि खरे लॉक असलेल्याला मज्जाव. भाच्याने लगेच दुरुस्ती केली: उडीचे दोन्ही बाइट, म्हणजे आकडे, काढून तिथे दोनदा ९० लिहिले, ज्याचा अर्थ ‘काहीही करू नकोस, पुढे जा’ एवढाच आहे. त्यानंतर डबी असो वा नसो, प्रोग्राम चालू लागला. पण मधली ती पाच मिनिटे माझ्या मनातून गेली नाहीत. पैसे देऊन घेतलेली वस्तू हातात घेऊन मी उभा आणि तिच्यामुळेच दार बंद, हा प्रकार पुढे मला वेगळ्या रूपात पुन्हा भोगायचा होता.

मी ती प्रत माझ्या दोन यंत्रांपुरती ठेवली असती, तर आजही मी स्वतःला फारसा दोष दिला नसता. आपल्या कॉपीराइट कायद्यात १९८४ साली संगणक प्रोग्रामांचा समावेश झाला, आणि रीतसर प्रत बाळगणाऱ्याला नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत करण्याची मुभाही त्याच कायद्यात आहे. दुसऱ्या यंत्रावर ती चालवणे त्या मुभेत बसत नव्हते हे मला मान्य आहे. पण माझी खरी चूक त्याच्याही पुढची आहे. भुसावळचा एक मित्र आला, त्याला सीडी दिली. त्याने धुळ्याला दिली. नंदुरबारहून एक जण एसटीने आला तो केवळ त्यासाठी. मी कुणाकडून पैसे घेतले नाहीत आणि त्यामुळे आपण उपकार करतो आहोत असे मला वाटत राहिले. त्याच कायद्यात १९९४ साली आलेले ६३-बी हे कलम, नकली प्रत आहे हे माहीत असून ती वापरणाऱ्यालाही किमान सात दिवसांची कैद सांगते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. ठाऊक असते तरी मी थांबलो असतो असे छातीठोकपणे म्हणता येत नाही.

कुलूप फोडणाऱ्यांचे एक मोठे जग बाहेर होते आणि त्याची धूळ आमच्या गाळ्यापर्यंत उडत येई. सीरियल नंबर तयार करून देणारे छोटे प्रोग्राम, ज्यांना कीजेन म्हणतात, ते सुरू केले की एक टिणटिणणारी धून वाजे. माझ्याकडचा ऑपरेटर ती गुणगुणत कंपोझिंग करी. सोबतच्या मजकुराच्या फाइलीत फोडणाऱ्या टोळीचे नाव अक्षरचित्रांत कोरलेले असे, आणि पुष्कळदा खाली एक ओळ असे: सॉफ्टवेअर आवडले तर विकत घ्या. हे लोक आमच्यासाठी काही करत नव्हते. त्यांची चढाओढ कुलूप करणाऱ्याशी आणि एकमेकांशी होती. कोण आधी फोडतो एवढ्यावर त्यांची इभ्रत ठरे. त्यांच्या कौशल्याबद्दल मला आजही आदर आहे, कारण दुसऱ्याने लिहिलेला प्रोग्राम मूळ मजकूर हाती नसताना आकड्यांवरून वाचणे ही विद्या आहे. पण त्या विद्येचे फळ आम्ही खात होतो आणि किंमत तिसराच कोणीतरी मोजत होता.

ही तक्रार धंद्याइतकीच जुनी आहे. बिल गेट्स यांनी ३ फेब्रुवारी १९७६ रोजी हौशी संगणकवाल्यांना उघड पत्र लिहिले, तेव्हा त्यांच्या कंपनीला जेमतेम एक वर्ष होत आले होते. अल्टेअर संगणक बाळगणाऱ्या दहांतल्या एकानेही त्यासाठी केलेली बेसिक भाषा विकत घेतलेली नाही, आणि आलेल्या पैशांचा हिशेब केला तर श्रमाचे तासाला दोन डॉलरही पडत नाहीत, असे त्यात म्हटले होते. दहा वर्षांनी, १९८६ साली, लाहोरच्या दोन भावांनी आपल्या वैद्यकीय सॉफ्टवेअरच्या चोरट्या प्रतींचा माग लागावा म्हणून फ्लॉपीच्या पहिल्याच भागात बसणारा एक प्रोग्राम लिहिला आणि त्यात आपले नाव, पत्ता, फोन नंबर घातला. तो ‘ब्रेन’ या नावाने जगभर पसरला आणि पीसीवरचा पहिला व्हायरस म्हणून ओळखला गेला. चोर धरायला सोडलेली वस्तू कुणाच्या घरात शिरेल हे सोडणाऱ्याच्या हातात राहत नाही, आणि ज्यांनी त्या भावांचे नावही ऐकले नव्हते त्यांच्या फ्लॉप्यांत ती जाऊन बसली.

माझ्यापुरती ही तक्रार कागदावरची राहिली नाही, याला कारण २००४ सालच्या उन्हाळ्यात गाळ्यात आलेले एक गृहस्थ. साठीच्या पुढचे, खादीचा सदरा, हातात लग्नपत्रिका. भुसावळजवळच्या कुऱ्हे पानाचे या गावी लग्नाला आले होते आणि पत्रिकेच्या तळाशी आमचे नाव वाचून परतीच्या वाटेवर जळगावला उतरले होते. मला वाटले, काही छपाईची चूक राहिली असावी. त्यांनी पत्रिकेवर लग्नस्थळाच्या ओळीत नख टेकवले आणि म्हणाले, “हा ऱ्ह मी काढलेला आहे.”

मी वापरत होतो त्या लिपी-सॉफ्टवेअरची अक्षरे त्यांच्या हातची होती. ते बसले, पाणी प्यायले आणि बोलत राहिले. त्या काळच्या फाँटमध्ये सगळी मिळून २५६ घरे, त्यांतली कितीतरी संगणकाच्या स्वतःच्या कामासाठी राखीव; उरलेल्या जागेत आपली स्वर-व्यंजने, काने-मात्रा, अर्धी अक्षरे आणि जोडाक्षरे बसवायची. हिंदीपुरते पाहणाऱ्याला अर्ध्या ‘र’चे हे कोयत्यासारखे रूप लागत नाही, म्हणून ते गाळावे असे ठरत होते. “मी म्हटलं, मग कुऱ्हाड कशी लिहायची? तऱ्हा कशी लिहायची? एक घर द्याच.” ते घर त्यांनी भांडून मिळवले होते. मग त्यांनी खिशातून भिंग काढले, आमच्या ट्रेसिंग पेपरवरच्या प्रती पाहिल्या, लहान आकारात ‘ट्र’ची खालची रेघ तुटते आहे हे स्वतःच दाखवले आणि वहीत टिपून घेतले. मला त्यांनी विचारले ते इतकेच की कंपोझिंग करताना कोणते जोडाक्षर त्रास देते. आठ माणसांची ती कंपनी आदल्या वर्षी बंद पडली होती. टिपण ते कुणासाठी घेत होते, असे विचारायचे धैर्य मला झाले नाही. त्यांच्या पाठीमागे चार यंत्रे चालू होती आणि चारही यंत्रांवर ९०-९० लिहिलेली त्यांची अक्षरे होती.

समुद्रापलीकडच्या कंपनीला काय फरक पडतो, हा आमचा नेहमीचा युक्तिवाद होता आणि त्यात थोडेफार तथ्यही असेल. पण कुलूप फोडताना हात एकदा सरावला की समोर कुणाचे दार आहे हे तो पाहत नाही. मोठ्या कंपन्या नकली प्रतींसकट तगल्या. आठ माणसांना चारशे गिऱ्हाइकांतले तीनशे गमावून तगता येत नाही, आणि आमच्या भाषेची अक्षरे घडवणारे सगळे असेच आठ-दहा माणसांचे संसार होते. खानदेशातल्या किती पत्रिकांवर त्या माणसाचा ऱ्ह छापला गेला असेल याचा मी एकदा हिशेब करायला बसलो आणि मधेच वही मिटली.

कंपनी बंद पडल्यावर दुसऱ्या कुलपाची ओळख झाली, आणि ते पहिल्यापेक्षा कितीतरी पक्के निघाले. त्या २५६ घरांत कोणते अक्षर कुठे ठेवायचे हे प्रत्येक कंपनीने आपापल्या मनाने ठरवलेले होते. त्यामुळे एका सॉफ्टवेअरमध्ये टाइप केलेला मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये नेला की मराठीच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग दिसे. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींसाठी ठरवलेल्या एकाच सामाईक कोष्टकात, देवनागरीला, त्यातल्या या ‘ऱ’लाही, स्वतःची जागा मिळाली होती आणि विंडोज २०००पासून ती वापरताही येत होती, पण आमचे सगळे काम जुन्या घरांत अडकलेले. पुढे नव्या संगणकांवरून ते पंचवीस छिद्रांचे पोर्टच नाहीसे झाले आणि नव्या विंडोजवर लॉकशी बोलणारा ड्रायव्हर प्रोग्राम बसेना. मनमाडला माझ्या ओळखीचे एक मुद्रक होते, ज्यांनी आयुष्यात एकही नकली प्रत वापरली नाही. त्यांचे पंधरा वर्षांचे काम त्या दिवशी बंद झाले आणि आमचे, फोडलेल्या प्रतींवरचे, चालू राहिले. ती पाच मिनिटांची उलटी अट आता माझ्यासमोर एका सरळ माणसाच्या वाट्याला आली होती.

अमेरिकेत कुलूप फोडण्याला १९९८च्या कायद्याने बंदी केली, पण दर तीन वर्षांनी त्यातून काय वगळायचे याचा विचार होतो, आणि २००३ साली जे मोजके अपवाद मान्य झाले त्यांत बिघडलेल्या व कालबाह्य झालेल्या डाँगलमुळे अडकून पडलेले प्रोग्राम होते. आपल्याकडे २०१२च्या दुरुस्तीने आलेले ६५-ए हे कलम कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद सांगते. मात्र ते हक्कभंगाच्या हेतूने फोडले असेल तर. हा ‘हेतू’ शब्द मला फार मोलाचा वाटतो. मनमाडच्या त्या मुद्रकांसाठी मी लॉक काढून दिले असते तर तो एक हेतू, आणि नंदुरबारच्या माणसाला सीडी दिली तो दुसरा. बाइट दोन्हीकडे तेच.

यानंतर मी नवी यंत्रे घेतली तेव्हा पैसे भरून सॉफ्टवेअर घेतले, जिथे शक्य तिथे मुक्त परवान्याचे घेतले. स्क्रायबस, लिबरऑफिस, लोहित फाँट ही नावे माझ्या ऑपरेटरांना तोंडपाठ झाली. पण एका यंत्रावर सवय शिल्लक होती. मार्च २०१९मध्ये एका मुलाने कोरल ड्रॉची नवी आवृत्ती चालवण्यासाठी इंटरनेटवरून ॲक्टिव्हेटर उतरवला. चालवण्याआधी अँटीव्हायरस बंद करा, अशी सूचना त्याच्यासोबतच होती, आणि त्याने ती पाळली. तासाभरात प्रत्येक फाइलच्या नावापुढे एक अनोळखी शब्द चिकटला आणि प्रत्येक फोल्डरमध्ये एक चिठ्ठी आली: किल्लीसाठी ९८० डॉलर, बहात्तर तासांत संपर्क केल्यास ४९०. ‘स्टॉप’ या नावाने ओळखला जाणारा हा रॅन्समवेअर, म्हणजे खंडणी मागणारा प्रोग्राम, मुख्यतः फोडलेल्या सॉफ्टवेअरच्या वाटेनेच पसरत असे. ज्यांनी इतकी वर्षे इतरांची कुलपे फोडून घेतली, त्यांच्या फाइलींना आता कुलूप लागले होते.

त्या यंत्रावर आबांची गाणी होती. आबा पारोळ्याकडचे निवृत्त शिक्षक. गावोगाव फिरून म्हाताऱ्या बायांकडून त्यांनी कानबाई या खानदेशी देवीची आणि जात्यावरची अहिराणी गाणी वीस वर्षे उतरवून घेतली होती आणि ती आमच्याकडे टाइप होत होती. हस्तलिखित वह्यांतल्या निम्म्या वाळवीने खाल्ल्या होत्या. मी त्यांना फोन करून सांगितले, तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग एवढेच म्हणाले, “मन्हा गाणास्नं काय झायं रे भाऊ?”

सात महिने मी ती डिस्क कपाटात ठेवली. ऑक्टोबर २०१९मध्ये एमसिसॉफ्ट या कंपनीने त्या रॅन्समवेअरच्या १४८ प्रकारांवर उतारा प्रसिद्ध केला, तोही विनामूल्य. कुलूप घालणाऱ्यांच्या कुलपात चूक होती आणि ती शोधणाऱ्यांनी तेच केले होते जे भाच्याने त्या रविवारी केले: दुसऱ्याचा प्रोग्राम आकड्यांवरून वाचला. एकाच फाइलची मूळ आणि बिघडलेली अशी जोडी द्यावी लागे, आणि तीही प्रत्येक प्रकारच्या फाइलीसाठी वेगळी. पेजमेकरची मूळ फाइल माझ्याकडे कुठून असणार? ती सापडली २००४ सालच्या एका सीडीवर, ज्यावर आबांचा पहिला भाग मी जपून ठेवला होता. रात्रभर यंत्र चालत राहिले आणि सकाळी गाणी उघडली, अर्थात जुन्या २५६ घरांत.

भाचा आता पुण्याला असतो. त्याने फोनवरच विचारले, “मामा, ते लॉक आहे ना अजून? फोडलेली प्रत नको, मूळ पाहिजे. कोणत्या घरात काय आहे ते तिच्यावरून लावतो.” म्हणून तो जुना संगणक, ती करडी डबी आणि सरळ केलेल्या पिना पुन्हा कामाला लागल्या. दोन महिने आम्ही घर-घर ताडून कोष्टक तयार केले आणि त्यातून मजकूर युनिकोडमध्ये उतरवणारा प्रोग्राम त्याने लिहिला. तो कुणालाही मोफत घेता येईल असा ठेवला आहे, आणि त्याच्या पहिल्या ओळीत त्या अक्षरकाराचे नाव त्यांच्या मुलाला विचारून घातले आहे.

गेल्या वर्षी नागपंचमीनंतरच्या रविवारी, कानबाई बसली त्या दिवशी, मी पारोळ्याला गेलो. घरात नैवेद्याच्या रोटांचा वास होता आणि ओट्यावर बायांचे गाणे चालले होते. आबांच्या मोबाइलवर फाइल पाठवली. त्यांनी चष्मा पुसला, ओळींवरून बोट फिरवत तिसऱ्या गाण्यापाशी आले आणि थांबले. ‘ऱ्हायनी’ या शब्दात अर्धा र सुटून वर रफार झाला होता. मी पिशवीतून लॅपटॉप काढला, कोष्टकातली ती ओळ शोधली आणि तिथेच ओट्यावर बसून दुरुस्त करू लागलो.